कोल्हापुरातल्या रमणमळ्यातलं घर आणि परसबाग: पुराआधीच्या कामांच्या नोंदी

२५ मे

आजपासून वही सुरू. काम एकच, पंचगंगेचं पाणी यायच्या आत घर आणि मागचं परसू तयार करून ठेवायचं. मुदत मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ठरवून दिली: "तरणा लागायच्या आत सगळं व्हायला पाहिजे." तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू नक्षत्र, ते ५ जुलैच्या सुमारास लागतं. मागोमाग पुष्याचा म्हातारा. २०२१ चं पाणी म्हाताऱ्यातच आलं होतं आणि २०१९ चं त्याच्या पुढच्या आश्लेषात.

दोन्ही वेळा आम्ही गल्लीतल्या सगळ्यांसारखंच केलं. पाणी कोपऱ्यावर आलं की रात्री बॅटरी घेऊन गाद्या उचलायच्या. यंदा ते नको. आपल्याकडचा पूर काही ढगफुटीचा नव्हे. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं, पुढं नदीला उतार कमी. नरसोबाच्या वाडीला कृष्णा आधीच फुगलेली असली की आपलं पाणी तुंबतं आणि मागं मागं पसरत येतं. त्यामुळे पंचगंगा घरात धावत येत नाही, मुक्कामाला येते. फुटाफुटानं चढते, आधी दोन-तीन दिवस कळवते, आणि आली की हलत नाही. तेव्हा तयारी करायची ती पाण्याच्या जोराची नव्हे, त्याच्या मुक्कामाची.

म्हणून दारात वाळूची पोती रचायचा विचार पहिल्याच दिवशी बाद केला. हे (म्हणजे नवरा) म्हणत होते, भिंतच घालू. पण पाणी आठवडाभर उभं राहणार असेल तर ते पोत्यांच्या फटीतून, फरशीच्या सांध्यांतून, न्हाणीच्या जाळीतून कुठून तरी आत येतंच. आणि बाहेर तीन फुटांच्या वर पाणी असताना आत कोरडं राखलं तर सगळा दाब विटांच्या भिंतीवर. पाणी आलं तर येऊ दे, त्याच्या हाताला काही लागू द्यायचं नाही, असं ठरलं.

२८ मे

मिस्त्री आले. फाटकाच्या खांबावर २०२१ ची रेघ अजून आहे, खाली वीतभर अंतरावर २०१९ ची. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर दोन्ही वर्षी ५५ फुटांच्या वर पाणी गेलं होतं, २०२१ ला थोडं जास्तच. धोका पातळी तिथं ४३ आहे, म्हणजे काय झालं असेल ते बघा.

मला ती रेघ घरभर हवी होती. प्रत्येक खोलीत, बोर्डाशेजारी, ओट्याशेजारी, देवघरात. मिस्त्रींनी लेव्हल पाईप काढला. पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. एक टोक फाटकाच्या रेघेला त्यांच्या पोरानं धरलं, दुसरं घेऊन मिस्त्री आत आले. नळी सोप्यातून, जिन्याखालून, स्वयंपाकघराच्या दारातून वळत गेली. नळीत एक बुडबुडा अडकला होता, तो टिचक्या मारून मारून बाहेर काढेपर्यंत त्यांनी एकही खूण केली नाही. "वैनी, बुडबुडा हाय तवर पाईप खोटं बोलतंय." मग नळीतलं पाणी डुलत डुलत एका जागी थांबलं की पेन्सिलची बारीक रेघ. बाहेर पोरगा ओरडायचा, "बरोबर!" आणि मिस्त्री आत टिंब ठेवायचे.

संध्याकाळी बघितलं तर गंमत झाली. आपण घर सपाट समजतो. सोप्यात रेघ माझ्या खांद्याला, स्वयंपाकघरात त्याच्याही वर आणि मागच्या न्हाणीत थेट कपाळाला. म्हणजे न्हाणी सगळ्यात खोल. पाणी पहिल्यांदा तिथूनच आत येणार, आणि तेही दारानं नव्हे.

आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, रेघा आवडल्या नाहीत. "रोज बघायचं का ते आता?" त्यांच्यासाठी देवघरातली पुसली. बाकीच्या राहिल्या.

१ जून

वायरमन. खालचे सगळे बोर्ड रेघेच्या वर एक फूट घेतले. पट्ट्या भिंतीवरूनच, फोडाफोड नको म्हटलं. खालच्या आणि वरच्या मजल्याचं सर्किट वेगळं केलं, आता खालचं बंद ठेवून वर दिवा-पंखा चालेल, अर्थात बाहेरून वीज असेल तोवरच. पाणी चढलं की फीडर बंद करतातच आणि ते बरोबरच आहे. इन्व्हर्टर आणि बॅटरी जिन्याच्या मधल्या चौकात. मीटर मात्र आपल्या हातात नाही, तो वर घ्यायचा अर्ज केला.

४ जून

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात घाण. मागच्या न्हाणीचा आणि संडासचा पाईप गल्लीतल्या ड्रेनेजला जातो. नदी चढली की ड्रेनेज भरतं आणि उलटं ढकलतं. रस्ता कोरडा असताना न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागतात, ते हेच.

प्लंबरनं चेंबरच्या अलीकडे एनआरव्ही, म्हणजे उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, बसवला. आतली झडप एकाच बाजूला उघडते, पाणी उलटं आलं की त्याच दाबानं मिटते. पण झडपेत एखादी चिंधी अडकली की ती मिटत नाही, म्हणून वर्षातून दोनदा उघडून धुवायची. त्यासाठी चेंबरचं झाकण हातानं उचलेल असं करून घेतलं. शिवाय जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून, तोंड बांधून तयार ठेवल्या. एक कमोडमध्ये, एक न्हाणीच्या जाळीवर, वर पाट आणि पाटावर जातं. आत्तींचं जातं तेवढ्यासाठी का होईना जिन्याखालून बाहेर आलं.

त्याच प्लंबरकडून पाण्याच्या मोटरीला दोन्ही बाजूंनी युनियन लावून घेतल्या. आधी मोटर काढायची म्हणजे पाईप करवतीनं कापायचा. आता दोन चाक्या फिरवल्या की मोटर हातात. पाण्यात गेलेली मोटर रिवाइंड करून आणायला पूर ओसरल्यावर दुकानात किती रांग असते ते शाहूपुरीत जाऊन बघावं.

९ जून

परसू. यात माझा जीव, म्हणून जरा सविस्तर.

झाड पाण्यानं मरत नाही, मुळाशी हवा न मिळाल्यानं मरतं. त्यातून आपली काळी माती. पाणी उतरलं तरी आत आठ-आठ दिवस चिकचिक. म्हणून प्रत्येक झाडाला एकच प्रश्न विचारला: आठवडाभर पाय पाण्यात ठेवून उभी राहशील का?

अळू आणि कर्दळ हसत राहतील. नारळही राहतो. केळीचं खरं नाही, पण खोड गेलं तरी कंद पुन्हा फुटतो. जास्वंद अर्धी पानं टाकते आणि जगते. पपईला दोन दिवस पुरे, ती वाचवायचा नादच सोडला. लिंबू सगळ्यात नाजूक. २०२१ ला मोठं फळतं लिंबू उभ्या उभ्या वाळलं, पाणी गेल्यावर महिन्याभरानं, बुंध्याशी डिंक येऊन. नवं कलम आहे त्याला आता दोन फूट उंच ओटा केला. माती, वाळू, विटांचा चुरा आणि शेणखत. ५५ फुटांच्या पाण्यात त्याचा काही उपयोग नाही हे मला कळतं. पण दरवर्षी ५५ येत नाही. ४५-४७ ला परसात गुडघाभर पाणी येतं, ते मात्र बऱ्याचदा. झाडं वाचवायची ती या मधल्या पुरातून.

हळद यंदा वाफ्यात लावलीच नाही. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत लावली, पोतं अर्धं भरून, म्हणजे दोघांना उचलता येतं. आलंही तसंच. कंद पाण्यात राहिला की कुजतो, तिथं दयामाया नाही.

शेवग्याचा मोठा बुंधा हलवणं शक्य नाही. त्याच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या कापून, हातभर लांबीच्या, गच्चीवरच्या पिंपात मातीत खोचल्या. खालचं गेलं तर वरचं आहेच. मोगरा, कढीपत्त्याची रोपं, तुळस या सगळ्या कुंड्या आता कायमच्या जिन्याच्या पायऱ्यांवर.

गांडूळखताचा हौद खाली होता. गांडुळं बुडतात, म्हणून दोन क्रेटमध्ये वर नेली. आत्तींनी नाकाला पदर लावला.

१५ जून

पाऊस सुरू. कामं बंद.

२१ जून

उघडीप मिळाली. जमिनीतली पाण्याची टाकी धुतली आणि काठोकाठ भरून ठेवली. हे लोकांना उलटं वाटतं. आमच्या ह्यांनाही वाटलं: "पुराचं घाण पाणी आत जाणारच, मग भरायची कशाला?" रिकामी टाकी म्हणजे जमिनीत पुरलेली नाव. भोवतालची माती पाण्यानं भरली की ती वर उचलली जाते आणि सांधे सोडते. मागच्या गल्लीत एकांची तशी निघाली होती, कडेची फरशी घेऊन. प्यायचं पाणी वेगळं, गच्चीवरच्या टाकीत. पूर आला की शहराचे पाणी उपसायचे पंपच बुडतात, शिंगणापूरचे काय, बालिंग्याचे काय. दारात नदी आणि नळ कोरडा हे २०१९ ला सगळ्या शहरानं बघितलंय.

२९ जून

कपाटाच्या दारावर कागद चिकटवला. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात हा कागद महत्त्वाचा. कामांच्या पुढं तारीख नाही, बंधाऱ्यावरचा आकडा लिहिलाय.

३५ फूट: चेंबर उघडून झडप बघणे. गाडीत पेट्रोल, घरात पीठ-तांदूळ, औषधं. (२०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि शहरात पेट्रोल, दूध, भाजी सगळंच तुटलं.)

३९, इशारा पातळी: मोटर काढणे. कीटकनाशक, रंगाचे डबे, खतं वर. ही पाण्यात मिसळली की सगळ्या गल्लीला प्रसाद. हळद-आल्याची पोती गच्चीवर. प्रत्येक खोलीचा फोटो, कपाटं उघडून, कारण पंचनाम्याच्या वेळी काय होतं ते दाखवावं लागतं.

४१: फ्रीज, वॉशिंग मशीन वर. गाद्या, कागदपत्रं. गाडी राजारामपुरीत मावसभावाकडे.

४३, धोका पातळी: सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून वर. रिकामासुद्धा, तो तरंगतो आणि काचा फोडतो. कमोड-न्हाणीत वाळूच्या पिशव्या. खालचं सर्किट बंद. मामा-आत्ती राजारामपुरीत.

४५: आम्ही बाहेर.

शेवटच्या ओळीवर वाद झाला. वरचा मजला आहे की, असं ह्यांचं म्हणणं. राहता येतं, खरंय. पण वीज नाही, पाणी नाही, संडास बंद, आणि शेवटी बोटीतून उतरायचं. बोट ज्यांना खरंच लागते त्यांच्यासाठी राहू दे. कोरड्या रस्त्यानं चालत जायची वेळ असते, तेव्हाच जायचं.

६ जुलै

तरणा लागला. मामा खूश, कामं मुदतीत झाली म्हणून. पाऊस मात्र भुरभुर.

१८ जुलै

आता खरा. गगनबावडा, राधानगरीकडे धो धो. शहरात काही नसलं तरी तिकडचा पाऊस बघायचा, पंचगंगेचं पाणी तिकडून येतं. एकेक बंधारा पाण्याखाली जायला लागलाय. नदी पात्राबाहेर.

झडप उघडून बघितली. प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली निघाली.

२१ जुलै

३९ ओलांडलं. कागदाप्रमाणे. मोटर दहा मिनिटांत वर. पोती चढवताना गच्चीचा जिना चिखलानं निसरडा झाला, त्यावर राख टाकली. पलीकडचे अण्णा त्यांच्या दोन म्हशी घेऊन पाहुण्यांकडे चालले होते. एक म्हैस निघायला तयार नव्हती. अण्णा तिला म्हणत होते, "लगा, मी तरी कुठं हौसेनं चाललोय?"

२२ जुलै

राधानगरी धरण भरलं, स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले. एकूण सात आहेत. ठरावीक पातळीला पाणी आलं की ते आपोआप उघडतात, माणूस लागत नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक. ते पाणी इथवर यायला काही तास लागतात, म्हणून दरवाजे उघडल्याची बातमी आली की बंधाऱ्यावरच्या आकड्यासाठी थांबायचं नाही. ४१ ची आणि ४३ ची कामं एकदमच उरकली.

मामा जाताना शिवाजी पुलावरून नेण्याचा हट्ट धरून बसले. मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी जुन्या पुलाच्या कमानींना लागलं का, ते त्यांना बघायचं होतं. पुलावर आधीच निम्मं कोल्हापूर. पोलीस सगळ्यांना हाकलत होते, आम्हालाही हाकललं.

२४ जुलै

४५. कुलूप लावलं. खालच्या खोल्यांची आतली दारं सताड उघडी ठेवली, पाणी आलंच तर सगळीकडे सारखं यावं, एका बाजूनं दाब नको. लाकडी दारं फुगून बसली की उघडत नाहीत, हाही अनुभव सगळ्यांचा.

२७ जुलै

मावसभावाच्या गॅलरीतून फोनवर फोन. पाणी थांबलंय. घराच्या तिसऱ्या पायरीला लागून, उंबरा अजून दोन पायऱ्या वर. परसात मांडीभर.

३० जुलै

उतरलं. सकाळी फाटक उघडलं तर पहिल्या पायरीवर दोन बोटं गाळ. घरात दारानं एक थेंब नाही.

न्हाणी बघायला गेले. जात्याभोवती ओलं कडं होतं आणि पाटाखालून काळं पाणी झिरपून कोपऱ्यात तांब्याभर साचलेलं. बाहेर चेंबरमध्ये पाणी काठोकाठ, आतल्या बाजूला दोन फूट खाली. झडपेनं धरलं होतं. डाव्या अंगाच्या शेजाऱ्यांच्या घरात उंबऱ्यावरून पाणी गेलं नाही तरी सोप्यात घोटाभर आलं, सगळं न्हाणीतून. त्यांच्या वहिनी येऊन आमचा चेंबर वाकून वाकून बघून गेल्या.

गाळ ओला असतानाच काढला. वाळला की तो सिमेंट. पाणी उतरत असतानाच झाडूनं त्याच पाण्याबरोबर बाहेर लोटला तर निम्मं काम नदीच करते. पायात गमबूट सगळ्यांच्या, पायाला चीर असेल तर कामाला यायचंच नाही. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापावरची) गोळी आरोग्य खात्याच्या ताई घरोघर विचारून देत होत्या. लाकडाच्या ढिगाला हात लावायच्या आधी काठी. ढिगात धामण होती, तिला तिच्या वाटेनं जाऊ दिलं.

वायरमन येऊन बघेपर्यंत खालचं सर्किट बंदच. जमिनीतली टाकी उपसली, घासली, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून भरली, ते पाणीही सोडून दिलं. प्यायला उकळलेलंच.

३ ऑगस्ट

परसाचा हिशोब. पपई गेली, ठरल्याप्रमाणे. शेवगा पिवळा पडलाय, बुंधा दाबला तर मऊ लागतो, तो जाणार. गच्चीवरच्या फांद्यांना मात्र डोळे फुटलेत. केळी आडवी. अळू दुप्पट.

लिंबाच्या ओट्याला पाणी वरपर्यंत लागलं नाही, वरची वीतभर माती कोरडी राहिली. पानं तजेलदार आहेत. पण लिंबाचं आत्ताच बोलायचं नाही, ते उशिरा सांगतं. बुंध्याला एक टक्का बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं मिश्रण, लावलं: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र, प्लॅस्टिकच्या बादलीत. विळ्याचं पातं बुडवून बघितलं, तांबूस झालं, म्हणजे मोरचूद जास्त. थोडी चुन्याची निवळी वाढवली, दुसऱ्या वेळी पातं स्वच्छ निघालं.

पानांवरचा गाळ पाईपनं धुतला. तो राहिला तर पान श्वास कसा घेणार. मातीत मात्र कुदळ घालायची नाही, खतही नाही. ओल्या काळ्या मातीत पाय जरी दिला तरी ती घट्ट होते. कडेनं फक्त चर काढून दिला. हात शिवशिवतात, पण पंधरा दिवस परसात कुणी जायचं नाही असं सांगून ठेवलंय.

हळदीची पोती खाली आणायची घाई आत्तींना झालीय. आश्लेषा आजच लागतंय, ते सरू दे म्हटलं.

१२ ऑगस्ट

उरलेली कामं. मीटर वर घ्यायचा अर्ज अजून तिथंच आहे, पुन्हा जाऊन यायचं. कागदावर दोन बदल: झडप ३५ ला नव्हे, ३० लाच बघायची, आणि दरवाजे उघडले की ४१ आणि ४३ ची कामं एकाच वेळी. लिंबाचा ओटा आणखी फूटभर वाढवायचा, पण गणपती झाल्यावर, माती वाळली की. डावीकडच्या वहिनींना प्लंबरचा नंबर दिला. तो म्हणतो गल्लीत आणखी चौघांनी विचारलंय, एकदम केलं तर खोदाई एकदाच होईल. रविवारी सगळ्यांना आमच्या सोप्यात बोलावलंय.